एकोणीस किलोमीटर मागे आलेली वॅगन

"एकतीस वर्षांच्या नोकरीत माझी एकसुद्धा चूक निघाली नाही!"

हे वाक्य नंबरकाका इतक्या वेळा म्हणत की त्यांची बायको हल्ली ते ऐकून मानही वर करत नसे. वाक्यात खोटं काहीच नव्हतं. चूक निघाली नव्हती. झाली नव्हती, असं काका कधी म्हणाले नव्हते.

पण घरात खपतं ते बाहेर खपवायला जाऊ नये. काकांनी ते मालगाडी मित्रमंडळात म्हटलं आणि तिथून त्यांचे ग्रह फिरले.

हे मंडळ म्हणजे डझनभर भली माणसं. दर रविवारी सकाळी एका दंतवैद्याच्या दवाखान्याच्या माडीवर जमायची. रेल्वेत एकानंही एक दिवस नोकरी केलेली नाही, म्हणून तर रेल्वेवर एवढं प्रेम! त्यातही जुन्या मालगाड्यांच्या कागदांवर जास्तच. ज्या कागदांवर काकांनी जन्मभर चहाचे पेले ठेवले, ते कागद ही मंडळी हातमोजे घालून उचलायची. पहिल्याच रविवारी काकांना खुर्ची मिळाली, चहा मिळाला, आणि एका कापडदुकानदारानं चक्क त्यांची सही मागितली. पंधरा वर्षं निवृत्त असलेल्या माणसाला चढायला आणखी काय लागतं? काका चढले आणि ते वाक्य बोलून बसले.

काकांचं काम नंबर टेकरचं. यार्डात मालगाडी लागली की वही-पेन्सिल घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, प्रत्येक वॅगनचा नंबर टिपायचा, आत काय आहे आणि जाणार कुठं ते लिहायचं. ती गाडीची यादी. गार्डनं ती गाडीशी ताडून सही करायची, मग गाडी सुटायची. पुढच्या जंक्शनात पुन्हा मोजणी. दिवसाला सात-आठ गाड्या, सगळी चाल खडीतून. काकांचे गुडघे अजून प्रत्येक जिन्याला त्या खडीच्या नावानं बोटं मोडतात.

आता ती चूक. अडतीस वर्षांपूर्वी एका दुपारी बदलीचा माणूस आला नाही आणि काका सोळा तास पायांवर होते. समोर बेचाळीस वॅगनची गाडी. एकतीस लिहून झाल्या आणि पाय म्हणाले, बास! काका यार्डातल्या खोलीत टेबलाशी टेकले आणि उरलेल्या अकरा, गाडी येतानाच्या जुन्या यादीवरून उतरवून काढल्या. आल्या तशाच जाणार, त्यात बघायचं काय? बघायला हवं होतं. मधल्या वेळात त्यातल्या एकीच्या चाकाचा आस तापला म्हणून शंटिंगवाल्यांनी ती वॅगन सोडवून दुरुस्तीच्या शेडमागं गवतात उभी केली होती. गाडी गेली एकेचाळीस वॅगन घेऊन आणि कागदावर बेचाळीस. राहिलेल्या वॅगनमध्ये छत्र्यांच्या मुठी होत्या, आणि एक अख्खा छत्री कारखाना त्यांची वाट बघत बसला होता.

कारखान्यानं बोंब ठोकली, चौकशी लागली. बेचाळिसांखाली गार्डची सही आणि पोचल्या एकेचाळीस. म्हणजे गार्डनं वाटेत वॅगन हरवली! त्याला दोन वर्षांसाठी अशा आडरानातल्या थांब्यावर धाडलं, जिथं दिवसातून एक गाडी आणि दोन बकऱ्या यायच्या. पाच आठवड्यांनी वॅगन गवतात सापडली. फोरमननं 'यार्डात परत आढळली' असा शेरा मारला आणि फाइल बंद केली. काकांच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. उद्या जाऊन खरं काय ते सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. त्या उद्याला अडतीस वर्षं झाली.

आणि तो गार्ड म्हणजे काकांच्या बायकोचा एकुलता एक, लाडका, धाकटा भाऊ!

"ज्या मेल्यानं माझ्या भावाच्या नावाला काळं फासलं ना, तो एकदा समोर यायला हवा!" असं काकू वर्षातून दहादा म्हणायच्या आणि काका वर्षातून दहादा पाणी प्यायला उठायचे. दोन वर्षं भरली आणि मेहुणा वरच्या मजल्यावरच राहायला आला. त्याचा सिलिंडर काका चढवत, त्याचे फ्यूज काका बदलत, डॉक्टरकडे त्याचा नंबर काका लावत. मेहुणाही निवांतपणे सगळं करून घेई. "किती करता हो माझ्या भावासाठी!" असं काकू कौतुकानं म्हणत. काकांना ते कौतुक सिलिंडरपेक्षा जड जाई.

तर मंडळाच्या हाती रद्दीवाल्याकडून नेमकी हीच फाइल लागली. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई मंडळाच्या संशोधक होत्या. त्यांनी फाइल काकांपुढं ठेवली तेव्हा काकांचा चहा बशीत सांडला.

"काका, तुमच्या यादीत बेचाळीस. पोचल्या एकेचाळीस. आणि पाच आठवड्यांनी हीच वॅगन तुमच्या यार्डात! यादीतच चूक असेल का?"

"एकतीस वर्षांत माझी एकसुद्धा…" वाक्य निघूनही गेलं. सवय वाईट!

"तेच म्हणते मी! यादी बरोबर, म्हणजे वॅगन निघाली होती. मग ती परत आली कशी?"

"आता… पुढं चढ आहे थोडा," काका म्हणाले. काहीतरी बोलायला हवं होतं.

पुढच्या रविवारी बाई डोळ्यांखाली काळी वर्तुळं आणि हातात आलेख घेऊन आल्या. चढावर डबे जोडणारं कपलिंग निखळलं आणि वॅगन उलटी घरंगळत एकोणीस किलोमीटर मागं आली, थेट यार्डात!

"पण मधे तीन स्टेशनं लागतात," दंतवैद्य म्हणाले. "कुणीच कसं पाहिलं नाही?"

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं.

"दुपारची वेळ," काका पुटपुटले. "जेवत असतील."

बाईंनी ते लिहून घेतलं. खाली तळटीपही दिली! मग विचारलं, वारा होता का? काका म्हणाले, असेल. त्या 'असेल'वर बाईंनी वाऱ्याच्या दाबाचं दीड पान गणित केलं. काका एक शब्द बोलत, बाई एक प्रकरण लिहीत. दर रविवारी काका ठरवून जात की आज खरं सांगायचं, आणि दर रविवारी तो आलेख भिंतीवर हातभर लांब झालेला दिसे. इतकं राबलेल्या बाईला कुठल्या तोंडानं सांगायचं?

असं करता करता पुस्तिका छापून झाली. प्रकाशनाचा दिवस ठरला आणि त्याच दिवशी 'एकही चूक न करणारा नंबर टेकर' म्हणून काकांचा सत्कार ठरला. आदल्या दिवशी काकांना एक प्रत मिळाली. नवव्या पानावर लिहिलं होतं: 'वॅगन निखळल्याचं गार्डच्या लक्षात आलं नाही. तो झोपलेला असावा.'

काका तसेच धापा टाकत दवाखान्यात पोचले. खुर्चीत एक पेशंट आ वासून बसला होता.

"ते झोपेचं वाक्य काढा!"

"पाचशे प्रती आल्यात काका," दंतवैद्य म्हणाले. "आणि सही कागदावर नुसती आद्याक्षरांची आहे, कोण कुठला गार्ड, कुणाला कळणार?"

ज्याला कळणार तो उद्या पहिल्या रांगेत बसणार होता, हे काकांना सांगवेना. "तुमचा सत्कार आणि माझा भाऊ येणार नाही?" असं काकूंनी केव्हाच जाहीर केलं होतं. काकांनी एकच शहाणपणा केला. दुसऱ्या दिवशी समारंभाला निघताना काकूंचा चष्मा हळूच आपल्या खिशात टाकला. ना वाचता येईल, ना भानगड होईल!

पण बाईंनी नववं पान मोठ्यानं वाचलं.

त्याआधी त्यांनी काकांच्या वहीचं ते बेचाळीस नंबरांचं पान मोठं करून चौकटीत लावलेलं दाखवलं. "अक्षर बघा! शेवटच्या अकरा ओळी तर छापल्यासारख्या! सोळा तासांच्या ड्यूटीनंतर!" टाळ्या पडल्या. काका खुर्चीत बोटभर खाली सरकले. मग बाई म्हणाल्या, "…तो झोपलेला असावा," आणि पहिल्या रांगेत काकू उभ्या राहिल्या.

"कोण झोपलेला? त्या गाडीचा गार्ड हा माझा भाऊ! डोळ्यांत तेल घालून काम करणारा पोरगा! दोन वर्षं रानात कुजला बिचारा, आणि आता पुस्तकात छापता?"

बाईंचा चेहरा पांढरा पडला. मेहुणा मान खाली घालून बसला होता. चौसष्ट वर्षांचा माणूस, पण बहिणीशेजारी शाळेतून हाकललेल्या मुलासारखा दिसत होता. आता नाही बोललो तर कधीच नाही, असं त्यांना वाटलं. ते उठले. गुडघा कटकन वाजला.

"त्याची चूक नाही. माझी आहे. शेवटच्या अकरा वॅगन मी मोजल्याच नव्हत्या. ती वॅगन यार्डातून हललीच नाही."

दंतवैद्यांनी रुमाल काढून डोळे पुसले.

"काय मन आहे! मेहुण्यासाठी एकतीस वर्षांच्या नावावर पाणी सोडायला निघाले!"

"अहो, खरंच नाही मोजल्या!"

"पुरे काका, पुरे!" कापडदुकानदार पुढं येत म्हणाला. सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. काकूसुद्धा! अडतीस वर्षांत काकूंनी काकांकडे असं पाहिलं नव्हतं. त्या डोळ्यांत पाणी होतं. खरं बोलायला एवढा जीव गोळा केला आणि कुणी विश्वासच ठेवेना! काका इतके थकले की त्यांना वाटलं, राहू दे. बसूनच घ्यावं. बूडही खुर्चीला लागत आलं होतं.

तेवढ्यात मेहुणा हुंदका देऊन उठला.

"भाऊजी, नका! माझ्यासाठी तुम्ही स्वतःला खोटं पाडताय, हे नाही बघवत मला. बाई म्हणतात ते बरोबर आहे. मी झोपलो होतो! गाडी ताडून बघितलीच नाही. डब्यात बसल्या बसल्या सही केली आणि जंक्शन येईपर्यंत ढाराढूर!"

आता कुठल्याही शहाण्या माणसानं काय केलं असतं? गप्प बसला असता. सत्कार पदरात, बायको खूश, चूक मेहुण्याच्या गळ्यात. पण काकांच्या डोळ्यांपुढून अडतीस वर्षांचे सिलिंडर एकामागून एक जिना चढून गेले.

"झोपला होतास?" काका ओरडले. "अरे गधड्या! आणि मी अडतीस वर्षं तुझ्या घरचं ओझं वाहतोय! का? तर मी टेबलाशी बसून त्या अकरा ओळी खरडल्या म्हणून तुला बदली भोगावी लागली, या एका विचारानं मला सुखाची झोप नाही! तू मात्र तिकडं घोरत होतास?"

टाळ्या थांबल्या. बाई चौकटीतल्या पानाजवळ गेल्या. वरच्या एकतीस ओळी वेड्यावाकड्या, चालत लिहिलेल्या. खालच्या अकरा सुबक, टेबलावर बसून लिहिलेल्या. इतके दिवस त्या या अक्षराचं कौतुक करत होत्या.

"म्हणजे एकोणीस किलोमीटर…" त्या क्षीण आवाजात म्हणाल्या.

"एक वीतसुद्धा नाही, बाई," काका म्हणाले. "माफ करा मला."

बाई भिंतीवरच्या लांबलचक आलेखाखाली बसल्या. त्यांना कुणीतरी पाणी दिलं. त्या पानाची चौकट दंतवैद्यांनी हळूच तोंड भिंतीकडे करून ठेवली. पाचशे प्रतींमध्ये चिकटवायच्या दुरुस्तीच्या चिठ्ठीचा मजकूर तिथंच ठरला: 'या पुस्तिकेतील वॅगन प्रत्यक्षात हलली नव्हती. बाकी गणित बरोबर आहे.'

तिघं घरी चालत आले. काकू मधे, दोघं दोन बाजूंना. काकांनी चष्मा परत दिला, काकूंनी तो पर्समध्ये टाकला. जिन्यापाशी आल्यावर मेहुणा घुटमळला.

"भाऊजी, ते… माझ्या बाथरूमचा दिवा गेलाय. उद्या सवडीनं बघाल का?"

काकांनी छाती पुढं काढली. अडतीस वर्षांत पहिल्यांदा 'नाही' म्हणायची वेळ आली होती, आणि पुरावा आज जगजाहीर झाला होता! त्यांनी तोंड उघडलं.

"बघतील," काकू म्हणाल्या.

"अगं, पण तो झोपला होता!"

"हो ना. तो झोपला होता," काकू पहिली पायरी चढत म्हणाल्या. "तुम्ही तर जागे होतात."

काकांनी मेहुण्याला विचारलं, "शिडी तुझ्याकडे आहे, की खालून घेऊन येऊ?"