कॅप्टन टेंभरे आणि आकाशातल्या सासुरवाड्या

वैमानिकांच्या नकाशावर जिथे जिथे लाल वर्तुळ असतं, म्हणजे जिथे परवानगीशिवाय उडायला बंदी असते, त्या प्रत्येक जागेला आमचे कॅप्टन टेंभरे 'सासुरवाडी' म्हणतात. नवी बॅच आली की पहिल्याच दिवशी ते भिंतीवरच्या नकाशापाशी उभे राहतात, वर्तुळांवरून छडी फिरवतात आणि सांगतात, "हे पाहा. हे सासुरवाडी. हेही सासुरवाडीच. बोलावल्याबिगर जायाचं नाही. गेलं तं बसाले खुर्ची भेटंल, चहा भेटंल, पन इज्जत वापस भेटनार नाही." दिल्ली, कोची, लुधियान्याहून आलेली मुलं एकमेकांकडे बघत राहतात. एखादा मराठी मुलगा त्यांना भाषांतर करून सांगेपर्यंत सर पुढच्या सासुरवाडीला पोचलेले असतात.

सरांचं लग्न झालेलं नाही. मग सासुरवाडीचा एवढा अनुभव कुठून, असं एकदा लुधियान्याच्या एका मुलाने धीर करून विचारलं. "दुरून पाहिलं ना बे," सर म्हणाले, "दुरूनच पाहाची असते ते."

गोंदिया जिल्ह्यात कामठ्याजवळ आमची विमान चालवायला शिकवणारी शाळा आहे. मी तिथे हवामान शिकवतो, म्हणजे जे होऊन गेलं ते का झालं हे दुसऱ्या दिवशी सांगतो. टेंभरे सर प्रत्यक्ष उडायला शिकवतात. ते मूळचे आमगावचे, घरची धानाची शेती. रेडिओवर त्यांचं इंग्रजी इतकं घोटीव, की नागपूरच्या कंट्रोलमधल्या, म्हणजे विमानांना रेडिओवरून वाट दाखवणाऱ्या कचेरीतल्या, एका नव्या बाईंना हा कुणी परदेशी पाहुणा वाटला होता. विमान थांबलं, पंखा थांबला, की इंग्रजीही थांबतं. त्यानंतर सगळा कारभार आमच्या पूर्व विदर्भाच्या झाडीबोलीत.

त्यांचं सर्वांत भयंकर हत्यार एकच शब्द: "काऊन?" म्हणजे 'का?'. विद्यार्थ्याने चुकीकडे वळण घेतलं की सर ओरडत नाहीत, विमान स्वतःच्या हातात घेत नाहीत. खिडकीतून बाहेर बघत शांतपणे म्हणतात, "काऊन?" बस. त्यांच्या हाताखालून गेलेला कोचीचा एक मुलगा आता मोठी विमानं उडवतो. शेजारी बसलेल्याचं काही चुकलं की आपल्याही तोंडून 'काऊन' निघतं आणि समोरच्याला ती मल्याळी शिवी वाटते, असं त्याने मला फोनवर सांगितलं.

वैमानिक लोकांना एकमेकांच्या वाट चुकण्याचा जो आनंद होतो, तो त्यांना पगारवाढीचाही होत नाही. स्वतः सगळे कधी ना कधी चुकलेले असतात, म्हणूनच बहुधा. आमच्या कँटीनमध्ये समोशाबरोबर हाच चिवडा असतो. कोण कुठल्या बंदीच्या हद्दीत घुसला, कंट्रोलने त्याला काय सुनावलं, त्याने काय थाप मारली. आणि या मैफलीचे बुवा अर्थातच टेंभरे सर. रेल्वेलाइन धरून जायचं सोडून एक मुलगा कालवा धरून गेला होता. सरांनी त्याला सगळ्यांदेखत विचारलं, "रुळाइवर पानी कधीपासून वाहून राहिलं बे?" दुसऱ्याने खुलासा दिला की वाऱ्याने विमान बाजूला नेलं. "वारा तुही मामी होय का? हात धरून नेलं?" तो मुलगा इथून पास होऊन गेला, पण त्याच्या बॅचमध्ये त्याला आजही 'मामी' म्हणतात.

केतकी नाशिकहून आलेली. शांत मुलगी. एकेक गोष्ट दोनदा तपासणारी, त्यामुळे हिच्यावर कधी विनोद होणार नाही याची आम्हाला थोडी खंतच होती. धान कापून झालं होतं, शेताशेतांत तणस जळत होती, आणि धुरकट हवेत ती एकटी लांबच्या फेरीला गेली. एका ठरावीक तलावावरून वळून परत यायचं, एवढंच काम. पण आमच्या या भागात तलावांची टंचाई कधीच नव्हती. तिने भलताच तलाव आपला मानला, त्यावरून वळली, आणि पश्चिमेला कुठल्याशा सरकारी कारखान्यावर जे लाल वर्तुळ आहे, त्याच्या कडेत शिरली. कंट्रोलने खडसावलं. तिने विमान वळवलं, माफी मागितली आणि परतीची वाट धरली.

त्या दिवशी टेंभरे सरांची सुट्टी होती. तरी विमान उतरलं तेव्हा ते हजर होते, पायांत स्लिपर, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. तमाशा आहे हे माणसाला आमंत्रणाशिवाय कसं कळतं, असं मी मनात म्हटलं. केतकी विमानातून उतरली. सर मोठ्यांदा म्हणाले, "आली का सासुरवाडीहून? चहा पाजला का नाही त्याइनं?"

हँगरमधले सगळे हसले. मीही हसलो. केतकीही हसली, पण थोडी उशिरा.

पुढचे काही दिवस शाळेत दुसरा विषय नव्हता. कँटीनमध्ये ती आली की कुणीतरी हात वर करून शरण येई. "मॅडम, बम तो नहीं लायी?" मुलांच्या मोबाइल ग्रुपवर तिच्या फोटोला साडी-पदर चढवून सासरी पाठवून झालं. वरून खुलासा मागवला गेला, एकटीने उडणं बंद झालं, आणि पुढे काय होणार हे कुणी सांगेना. ती सगळ्या विनोदांवर हसायची. आम्ही म्हणायचो, पोरगी खेळकर आहे.

मग एका सकाळी ती माझ्या तासाला आली नाही. दुपारी तिची खोलीतली मैत्रीण धावत स्टाफरूममध्ये आली. टेंभरे सर आणि मी चहा पीत होतो.

"सर, केतकी चली गयी. सामान लेके. घर जा रही थी."

"जाऊ द्या," मी म्हटलं, "चार दिवस घरी राहून येईल."

"नहीं सर, अभी उसका फोन आया. वो गलत ट्रेन में बैठ गयी. दरेकसा में उतरी है. रो रही है."

गोंदियाहून नाशिकला जायचं तर पश्चिमेकडे जावं लागतं. दरेकसा पूर्वेला, पार छत्तीसगडच्या तोंडाशी, जंगलात. रात्रभर न झोपलेली पोरगी भलत्या फलाटावर उभी राहिली असणार आणि समोर आली त्या गाडीत चढली असणार. मी टेंभरे सरांकडे पाहिलं. खरं सांगतो, माझ्या डोक्यात तोवर दोन विनोद तयार झाले होते, आणि सरांना तर पुढची दहा वर्षं पुरेल एवढा माल मिळाला होता.

सरांनी चहा तसाच खाली ठेवला. "मास्तर, गाडी काढा."

आमगाव मागे पडलं, सालेकसा मागे पडलं. नकाशाशिवाय बाजारातसुद्धा न जाणारे, रिक्षावाल्याला 'डावीकडे' न म्हणता 'उत्तरेकडे' म्हणणारे टेंभरे सर त्या दिवशी एक दिशा बोलले नाहीत. फक्त मी हळू झालो की "चाला, चाला" म्हणत.

दरेकशाच्या फलाटावर दोन माकडं होती आणि एक केतकी. पाठीवरची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. आम्हाला बघून ती उठली आणि घाईघाईने स्वतःच बोलून मोकळी झाली, "सर, मी चुकीच्या गाडीत बसले. बोला आता. काय म्हणायचं ते म्हणून घ्या."

"जेवली का?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मंग चाल."

ती जागची हलली नाही. "मला घरी जायचंय, सर. मला नाही जमणार हे. मला जमिनीवरची गाडी कळत नाही. सगळे हसतात. मी पण हसते. आता मला हसायला येत नाही." आणि मग एकदम म्हणाली, "तुम्ही सगळ्यांत आधी हसलात."

सर बाकावर बसले. त्यांचा चेहरा असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

"हासलो," ते म्हणाले. "भेव लागलं होतं मले."

"कसलं?"

"मी घरी होतो. तुहा आवाज ऐकू येऊन राहिला होता. तू म्हने, तलावावर आली. अना मले समजत होतं, का इतक्या लौकर तू त्या तलावावर पोचूच शकत नाही. मी इकडून वरडून राहिलो, का पोरी, थो तलाव नाही, वापस फिर. पन तुले कसं ऐकू येईल? मंग तू उतरली. धड उतरली. तोंडातून जे निघालं ते निघालं. वाईट निघालं."

घरी बसून तिचा आवाज कसा ऐकू आला, हे तिने विचारलं नाही. मीही नाही. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि रडली. सरांनी तिला रडू दिलं. एका माकडाने पिशवीकडे हात केला, त्याला तेवढं त्यांनी "हऽट" केलं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "मला परत उडू देतील?"

"थे मले नाही मालूम," सर म्हणाले. "पन उद्या सकाळी तुह्याजवळ मी बसतो. त्याच तलावावर जाऊ. तुले वाटलं का नाही जमत, तं मी सोता तुले नाशिकच्या गाडीत बसवून देतो. बराबर गाडीत."

यावर ती हसली. या वेळी उशीर झाला नाही.

गाडीत बसल्यावर सरांनी होस्टेलच्या वॉर्डनबाईंना फोन लावला. "केतकी ना? माह्या घरी जेवाले आनली तिले. बहीन आली गावाहून, तिनं बोलावलं होतं. हो, सामान काऊन नेलं? आता बाई, पोरीइचं सामान, मले काय मालूम!" सरांना बहीण नाही. शिस्तीसाठी विद्यार्थ्यांची रजा कापणाऱ्या माणसाने इतकं सफाईदार खोटं बोलावं, याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

इतकी वर्षं बरोबर काम करूनही त्यांच्या आमगावच्या घरात मी पहिल्यांदाच पाय ठेवत होतो. स्वच्छ, नीटनेटकं, आणि एका माणसाला फार मोठं असं घर. त्यांनी भात टाकला, केतकीने वरणाला फोडणी दिली, मी कांदा चिरला. चुलीशेजारच्या फळीवर, मिठाच्या आणि हळदीच्या डब्यांमध्ये एक लहानसा रेडिओ होता. गाण्यांचा नव्हे. त्याची तार खिडकीतून कौलांवर गेली होती. त्यातून खरखर येत होती आणि मधूनच आमच्याच मुलांचे आवाज, कुणी किती उंचीवर आहे, कुणी कुठे वळतंय. सुट्टीच्या दिवशी हा माणूस घरात काय करतो, हे कोडं आम्ही कँटीनमध्ये बरेच विनोद करून सोडवलं होतं. खरं उत्तर खरखरत समोर होतं.

ऊन कलत आलं होतं. पानं वाढली, आणि आम्ही पहिला घास घेणार तेवढ्यात रेडिओवर लुधियान्याच्या त्या मुलाचा आवाज आला. दिवसातलं शेवटचं विमान, उतरायला येत होतं. सरांनी हात वर केला. तो धावपट्टीच्या सरळ रेषेत आला असं म्हणाला, आणि त्यानंतर नुसती खरखर.

"खाली गेलं का मंग इकडं आवाज येत नाही," सर हळूच म्हणाले. घास तसाच हातात. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ते थोडं थांबले, डाव्या हाताने मोबाइल उचलला आणि शाळेच्या चौकीदाराला लावला.

"उतरलं का पोट्टं?"

पलीकडून चौकीदार नेहमीचं काही सांगावं तसं सांगत होता. सरांनी ऐकून घेतलं, फोन पालथा ठेवला आणि घास तोंडात घातला.

"खा ना बाई," ते केतकीला म्हणाले, "भात थंडा होऊन राहिला."