बाहेरून कडी

‘घरून काम केल्याने कर्मचाऱ्याची एकाग्रता वाढते, कारण घरी व्यत्यय आणणारे सहकारी नसतात,’ असे संशोधन संस्थेच्या परिपत्रकात म्हटले होते. विधानाचा उत्तरार्ध निर्विवाद आहे. सहकारी घरी नसतात. परंतु ज्या इसमामुळे आपले काम खोळंबते, तो कार्यालयातून आपल्याबरोबरच घरी येतो, आपल्याच ताटात जेवतो आणि आपल्याच खुर्चीत बसतो, याची परिपत्रकाने दखल घेतली नाही. घेणार कशी? परिपत्रक त्याच इसमाने लिहिले होते.

हा इसम म्हणजे संस्थेतला ज्येष्ठ संशोधक. ‘घरून काम : शिस्त आणि नियोजन’ ही पुस्तिकाही त्यानेच लिहायची होती आणि तिची मुदत आज संध्याकाळी पाचला संपत होती. पुस्तिका न आल्यास सोमवारपासून झाडून सगळ्यांनी कार्यालयात यावे, असा संचालिकाबाईंचा हुकूम होता. पुस्तिकेत अद्याप शीर्षकाखेरीज अक्षर नव्हते. शीर्षक मात्र अतिशय चिंतनपूर्वक मध्यभागी आणलेले होते.

सकाळ त्याने लॅपटॉपवर वेळापत्रक रंगवण्यात घालवली. महत्त्वाची कामे लाल, तातडीची नारिंगी. या दोहोंतला तात्त्विक भेद काही केल्या त्याला स्वतःलाच पटेना आणि तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. जेवणानंतर त्याने निर्वाणीचा उपाय योजला. फोन पत्नीच्या हवाली केला आणि अभ्यासिकेला बाहेरून कडी घालण्याचे काम शाळकरी मुलीवर सोपवले.

“पाचपर्यंत उघडायचं नाही. मी काहीही सांगितलं तरी.”

“काहीही म्हणजे?”

“पोटात दुखतंय म्हणेन, एखादी वस्तू बाहेर राहिली म्हणेन. फार गोड बोलेन मी. पाघळायचं नाही.”

“आग लागली तर?”

“धूर दिसला तर आईला विचार.”

कडी लागली. थोड्याच वेळात, सकाळच्या रंगकामाने थकलेल्या लॅपटॉपने मान टाकली. चार्जर जेवणाच्या टेबलामागे भिंतीला लोंबत होता. बऱ्याच वेळाने आतून दार वाजले.

“बाळा, चार्जर बाहेर राहिलाय.”

“वस्तू बाहेर राहिली! सांगितलं होतंस तू.”

“अगं, या वेळी खरंच राहिलाय!”

“बाबा, गोड बोलू नकोस.”

“मी ओरडतोय!”

“मग तर मुळीच नाही.”

“काय म्हणताहेत?” पत्नीने स्वयंपाकघरातून विचारले.

“चार्जर मागतोय.”

“सकाळी कात्री मागितली, मग टाचण्या. लिहायचं म्हटलं की यांना अख्खं घर लागतं. देऊ नकोस काही.”

इतक्यात पत्नीच्या हातातला त्याचा फोन वाजला. संचालिकाबाई होत्या.

“सर कामात आहेत का?”

“कामात? अहो, बाहेरून कडी घालून घेतलीय. फोनसुद्धा माझ्याकडे दिलाय. मघाशी दार वाजवत होते, पण आम्ही कसले उघडतोय!”

माणसे काम टाळण्यासाठी दार लावून घेतात, हे बाईंनी आयुष्यभर पाहिले होते. काम करण्यासाठी कोंडून घेणाऱ्या माणसाविषयी त्या प्रथमच ऐकत होत्या. “हे सगळ्यांनी बघायला हवं,” त्या भारावून म्हणाल्या. पाच वाजता समस्त कर्मचाऱ्यांनी पडद्यावर हजर राहावे, संशोधक पुस्तिकेचे पहिले प्रकरण वाचून दाखवतील, असा निरोप तत्काळ सुटला.

पाचच्या ठोक्याला मुलीने कडी काढली. पत्नीने कौतुकाने लॅपटॉप बाहेर आणून चार्जरला जोडला. पडदा उजळला. सोमवार वाचवणाऱ्या महापुरुषाकडे डोळे लावून सगळे सहकारी बसले होते.

“वाचा, सर,” बाई म्हणाल्या.

त्याने घसा खाकरला. चार्जर बाहेर राहिला, लॅपटॉप बंद पडला, दार वाजवूनही कुणी उघडले नाही, असा साद्यंत वृत्तान्त त्याने प्रमाणबद्ध वाक्यांत सादर केला. सहकाऱ्यांचे चेहरे द्रवले. मुलीने अपराधी मनाने मान खाली घातली.

“पण सर, खोलीत कागद-पेन नव्हतं का?” बाईंनी विचारले.

संशोधकाने मुलीकडे पाहिले. नंतर त्याने दिलेले उत्तर संस्थेच्या इतिवृत्तात शब्दशः नोंदलेले आहे :

“होतं. कागद भरपूर होते, पेनंही पुष्कळ होती. लॅपटॉप बंद पडल्यावर मी प्रत्येक पेन चालतंय का ते पाहिलं. चालणारी एकीकडे ठेवली, न चालणारी दुसरीकडे. मग दोन्हीकडची रंगांप्रमाणे लावली. आता लिहिण्यावाचून गत्यंतर नाही असं दिसलं, तेव्हा दार वाजवलं. आणि पोरीनं ते उघडलं नाही म्हणून मी ओरडलो खरा, पण उघडेल की काय, या धास्तीनं आतून दाराला पाठ लावून उभा होतो.”