मागच्या चाकातली डिस्क

मेस्त्रीला बरोबर न्यायचं नाही असं मी ठरवलं आणि तिथंच सगळं बिनसलं. जुनी गाडी बघायला जाताना मेस्त्री नेणं म्हणजे आपल्याला काही कळत नाही याची जाहीर कबुली. आणि मला तर कळत होतं. आठवडाभरात मी ब्रेकच्या डिस्कवरचे अकरा व्हिडिओ पाहिले होते. (सरकारी कार्यालयात क्लार्क आहे. वेळ मिळतो.)

"डिस्कवरून नख फिरवायचं," मी सुरेखाला समजावलं. "कडेला धार लागली की समजायचं, झिजली. खाचा पडल्या असतील तर वाईट. निळे डाग दिसले तर फार तापलीय." पुंडलिकनगरातल्या आमच्या स्वयंपाकघरात मी तव्याच्या कडेवर नख फिरवून प्रात्यक्षिकही दाखवलं.

"मग? तवा ठेवायचा की बदलायचा?" तिनं विचारलं.

गाडी तिच्यासाठीच हवी होती. तिची बदली पाचोडच्या शाळेत झाली होती आणि गेलं वर्षभर बिचारी रोज एसटीत उभ्यानं जात होती. ड्रायव्हिंगचा क्लासही तिनं पूर्ण केला होता. पैठणच्या एका पांढऱ्या गाडीचा फोटो तिला आवडला आणि त्या दिवसापासून ती घरात गुणगुणायला लागली. (मला गाडी चालवता येत नाही. पण तपासायला ती चालवता यावी लागते, असं अकरापैकी एकाही व्हिडिओत म्हटलं नव्हतं.)

रविवारी सकाळी आम्ही पैठणला पोचलो. गाडीचे मालक नूरमोहम्मदचाचा हे एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. तीस वर्षांत एक अपघात नाही, हे त्यांनी आम्ही बसायच्या आधीच सांगितलं. दुपारी दुसरी पार्टी गाडी बघायला येणार आहे, हे बसल्यावर सांगितलं.

म्हणजे वेळ घालवून चालणार नव्हतं. मी बाह्या सरसावून पुढच्या चाकाशी उकिडवा बसलो आणि फटीतून बोटं आत घातली.

"ओ साहेब, हात नका घालू! आत्ताच पाचोडहून आलोय, लई गरम हाय!"

हे वाक्य चाचांनी जरा आधी सुरू करायला हवं होतं. मी ओरडलो नाही. "उत्तम!" एवढंच म्हणालो, फक्त ते फार वरच्या पट्टीत निघालं.

तेवढ्यात सगीराचाचींनी आग्रहानं आत बोलावून खिचडी-खट्टा वाढला. रविवारचा नाश्ता, नाही म्हणायची सोयच नाही. चिंच-तिळाच्या गारेगार खट्ट्याची वाटी समोर आली आणि मी भाजलेली तिन्ही बोटं तीत बुडवली. भाजलेल्या कातडीचं आणि चिंचेचं जमत नाही, हे मला तिसऱ्या सेकंदाला कळलं.

"चमचा देऊ का, भाईसाब?" चाचींनी विचारलं.

"नको. मी हा असाच खातो," डोळ्यांतलं पाणी आवरत मी म्हणालो. सुरेखा छताकडे बघत होती.

गेलेली अब्रू परत मिळवायला मी बाहेर येऊन मागच्या चाकाशी बसलो. आत बघतो तर काय, डिस्कच नाही!

"चाचा, मागची डिस्क कुठंय?"

"मागं डिस्क नाय, साहेब."

"गेली कुठं?"

"जायला होती कुठं? मागं डिस्कच्या जागी ड्रमचा ब्रेक असतंय."

"ड्रम मला दिसतोय. डिस्क कुणी काढली ते विचारतोय!"

चाचांसारख्या सज्जन माणसावर संशय घ्यायला मन धजेना. म्हणजे त्यांच्याही नकळत कुणीतरी ती लांबवली होती. (इथं मी मनाचा मोठेपणा दाखवला, हे कृपया लक्षात घ्यावं.) खात्री करायला शेजारच्या फरहानच्या गाडीच्या मागच्या चाकात डोकावलो. डिस्क नाही. तिसरी गाडी, नाही. चौथी, नाही!

"चाचा!" मी ओरडलो. "अख्खी गल्ली साफ झालीय!"

गल्ली बाहेर आली. फरहान बनियनवरच धावला आणि गाडीखाली आडवा झाला. "आयला, खरंच नाय की!" तो खालूनच ओरडला. "काल होती का पण? बघितलंच नाय कधी!"

नेमकी तेव्हाच दुपारची पार्टी लवकर आली. त्यांनी काच खाली करून काय झालं म्हणून विचारलं.

"गल्लीत ब्रेक चोरीला जायलेत!" फरहाननं सांगितलं.

काच वर गेली आणि ती गाडी थेट हमरस्त्यापर्यंत उलटी पळाली.

चाचा पायरीवर मटकन बसले. "तीस वर्षं एसटी चालवली. माझ्या ब्रेकबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. जावा तुमी. मला गाडी इकायचीच नाय."

सुरेखाचा चेहरा पडला. उद्या सकाळची भरलेली एसटी मला स्पष्ट दिसायला लागली आणि खरं सांगतो, मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

 तिनं पर्स माझ्या हातात दिली आणि ती चाचांशेजारी पायरीवर बसली.

"चाचा, मागच्या ड्रमचे लायनर कधी बदलले?"

चाचांनी मान वर केली. "दिवाळीत."

"आणि जोरात ब्रेक दाबला तर स्टिअरिंग थरथरतं का?"

 चाचा उठले आणि त्यांनी किल्ली तिच्यापुढे धरली. "सोताच दाबून बघा, ताई."

दोघं धरणाच्या रस्त्यानं गेले. मी पर्स सांभाळत बसलो आणि सगीराचाचींनी माझ्या बोटांना टूथपेस्ट लावली. अर्ध्या तासानं गाडी परत आली तेव्हा दोघंही हसत होते. कशाला ते मी विचारलं नाही.

"याला म्हणत्यात गिऱ्हाईक!" चाचांनी जाहीर केलं. "गाडी ताईला दिली. साहेबांना नाय."

पुढच्या रविवारी सुरेखानं गाडी पैठणहून घरी आणली. मी शेजारी बसलो होतो. डिस्क पुढे, ड्रम मागे, हे आता मला पाठ झालं होतं. बिडकीनपर्यंतच्या प्रत्येक गतिरोधकाला गाडी अशी अलगद थांबत होती की मला राहवेना.

"बघ," मी म्हणालो, "काय ब्रेक लागतायत!"

"अहो, आधी तो पाय उचला," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "पैठणपासून खालचं मॅट दाबत बसलाय. तुमच्या बाजूला डिस्कही नाही आणि ड्रमही नाही."