फळीखालचा कोंबडा

टेनिस कोर्टाच्या मागच्या रेषेपलीकडची एक फळी करकरत होती. महिलांच्या व्यावसायिक स्पर्धेचा उपांत्य सामना, बंदिस्त सभागृह, आणि सर्व्हिस करणारीच्या पायाखाली जुन्या खाटेसारखा आवाज. म्हणून सकाळीच सुताराला बोलावणं गेलं. त्याने फळी उचलली, उजेडासाठी फोन आत ठेवला, पाचर ठोकली, फळी वरून स्क्रूंनी आवळली आणि पाय आपटून पाहिला.

"आता हत्ती नाचला तरी आवाज यायचा नाही," तो व्यवस्थापकाला म्हणाला.

"मग सामना संपेपर्यंत इथेच बसा. पुन्हा करकरली तर?"

सुताराचं काळीज हॉस्पिटलात होतं. लेकीचं पहिलं बाळंतपण, पहाटेपासून कळा. बायको फोन करणार होती. खुर्चीत बसल्यावर त्याने खिसे चाचपले. फोन नव्हता.

सामना ऐन रंगात आला. खेळाडूने चेंडू वर उडवला आणि कोंबडा आरवला. करवतीच्या आवाजात दुसरी रिंग ऐकू येत नाही, म्हणून सुताराने कोंबडा लावला होता.

"प्रेक्षकांनी फोन बंद ठेवावेत," पंचबाई म्हणाल्या.

कोंबडा पुन्हा आरवला. पहिल्या रांगेतल्या एका सभ्य गृहस्थाकडे सगळे असे बघू लागले, की बिचाऱ्याने आपला बंद फोन हात उंच करून दाखवला. तिसऱ्यांदा आरवल्यावर खेळाडूने जमिनीला कान लावला.

"खालून येतंय."

सुतार उठला. "माझा आहे."

"कोंबडा?" पंचबाईंनी विचारलं.

"फोन. लेक बाळंत होतेय, बायको कळवत असेल."

व्यवस्थापक दातओठ खात म्हणाला, "माझ्या फोनवरून लावा आणि थांबा म्हणावं त्यांना."

"नंबर पाठ नाही."

"बायकोचा नंबर पाठ नाही?"

"तुम्हाला आहे?"

व्यवस्थापक दुसरीकडे बघू लागला.

"काका, उचला फळी," खेळाडू म्हणाली. "आता माझंही लक्ष लागायचं नाही."

"आम्हालाही सांगा काय झालं ते," जाळीपलीकडून तिची प्रतिस्पर्धी ओरडली. पंचबाईंनी नियम आठवून पाहिले. बाळंतपणाबद्दल त्यांत काहीच नव्हतं. त्यांनी खेळ थांबवला.

सकाळी जीव खाऊन आवळलेले स्क्रू आता हलेनात. शेवटी सुताराने ते पकडीने फिरवून काढले. त्याने पक्कड आत ठेवली आणि फोन उचलला. सतरा मिस्ड कॉल होते.

"कुठे तडफडलात?" बायकोने विचारलं.

"टेनिसला. काय झालं ते सांग आधी."

"टेनिसला? अहो, मुलगी झाली. दोघी छान आहेत."

"मुलगी!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

"मागे टाळ्या कोण वाजवतंय?"

"सगळेच. फार उपकार झाले गं या लोकांचे." त्याने बाहीने डोळे पुसले.

फळी बसवून त्याने दोघी खेळाडूंचे, पंचबाईंचे आणि त्या सभ्य गृहस्थाचेही हात जोडून आभार मानले. खेळाडूने सही करून चेंडू दिला. "नातीला द्या." व्यवस्थापकानेही विरघळून त्याला जायची परवानगी दिली.

दाराशी सवयीने त्याने खिसे चाचपले. फोन होता, चेंडू होता, पक्कड नव्हती. त्याने वळून पाहिलं. मागे खेळ पुन्हा सुरू झाला होता.

पक्कड काही आरवत नाही, असं मनाशी म्हणत तो हॉस्पिटलकडे निघाला.