मेलेल्याला वाफ येत नाही

हिमालयात एकोणीस हजार फुटांवर हिमकडा कोसळून नऊ गिर्यारोहक गाडले गेले. ही दुर्घटना रबाळे एमआयडीसीत, एका शीतगृहाच्या तळमजल्यावर, चार नंबरच्या चेंबरमध्ये घडली. शेजारच्या चेंबरमध्ये आंबा होता, त्याला काही इजा झाली नाही.

दुर्घटना अर्थातच सिनेमातली होती. दिग्दर्शक केयूर याचं म्हणणं असं, की बर्फ थर्माकोलचा चालतो, कडा प्लायवुडचा चालतो, पण तोंडातून निघणारी वाफ खरी पाहिजे. प्रेक्षक फार हुशार झालाय. खऱ्या वाफेसाठी खरी थंडी लागते, आणि ती हिमालयापेक्षा रबाळ्याहून आणणं सोयीचं पडतं.

यात मी कसा आलो? आमच्या नेरूळच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर सिनेमावाल्यांची एक मुलगी आली आणि म्हणाली, "ट्रेकिंगचा अनुभव असलेलं कुणी आहे का?" मी हात वर केला. पारसिकच्या टेकडीवर मी रोज सकाळी जातो. रिक्षाने जातो, हे तिने विचारलं नाही. पुढचा आठवडाभर मी कट्ट्यावर 'अतिशीत हवामानात मानवी देह' या विषयावर बोलत होतो. मग भूमिका कळली. मला प्रेताचं काम होतं.

"बरं झालं," माझी बायको चारुलता म्हणाली. "दुपारी जेवल्यावर करता तेच करायचं. फक्त घोरू नका."

दुसरं प्रेत हौसेराव. मूळचे साताऱ्याकडचे, उभा जन्म तुर्भ्याच्या मार्केटात गोणी वाहण्यात गेला. पडून राहण्याचेही पैसे मिळतात, हे त्यांना अजून खरं वाटत नव्हतं.

शीतगृहाचा नियम साधा होता. जे आत जाईल त्याची संगणकात आवक, जे बाहेर येईल त्याची जावक, आणि नोंद पडल्याशिवाय दार उघडत नाही. नोंदीवर कुंदन बसला होता. नावडे गावचा, अतिशय सालस माणूस. त्याच्या पडद्यावर आंबा, मासळी, पनीर, वाटाणा असे पर्याय होते. माणूस नव्हता.

"काका, तुमाला कशात टाकू?"

सरकारी अर्जांची टिंगल करण्यात माझी चाळीस वर्षं गेली आहेत. एवढा चांगला विनोद समोरून चालत आलेला मला सोडवला नाही. म्हटलं, "जवळचं जे वाटेल त्यात टाक."

त्याने आमच्या सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं आणि वाटाणा टाकलं. मी फार हसलो. यावर लेख करायचा, असं तिथेच ठरवलं.

चित्रीकरण सुरू झालं. मी कड्याखाली उताणा, भुवयांवर बर्फ. नायक माझ्या छातीवर डोकं ठेवून रडायचा होता.

"कट. काका, वाफ येतेय."

"श्वास घेतोय म्हणून येतेय."

"तेच सांगतोय ना. मेलेल्याला वाफ येत नाही."

मी श्वास रोखला. नायकाचं रडणं माझ्या श्वासापेक्षा लांब होतं. सहाव्या खेपेला त्याला रडू आलं आणि मला वाफ आली नाही, तेव्हा मी जवळजवळ भूमिकेत शिरलो होतो.

मग जेवणाची सुट्टी झाली. केयूर जाता जाता म्हणाला, "काका, हौसेराव, तुम्ही दहा मिनिटं तसेच पडून राहा हां. चेहऱ्यावरचा बर्फ हलला तर पुढचा शॉट जुळणार नाही. तुमचं पिठलं-भाकरी बाजूला काढून ठेवतो."

जिवंत मंडळी गेली. दार लागलं.

बऱ्याच वेळाने शेजारचं प्रेत बोललं. "पावणं, जेवान सुरू झालंय का संपलंय?"

मी उठलो. दाराला एक काचेची खिडकी होती, तिच्याखाली नमुना बाहेर काढायचा झडपेचा झरोका. झरोक्याला तोंड लावून म्हटलं, "कुंदन, दार उघड बाबा."

"काका, तुमची जावक पडत नाय."

"बाकीचे कसे गेले?"

"ते सॅम्पल म्हनून गेले. दिवसाला सात सॅम्पल सोडता येतात. सात गेले. तुमी दोगं आता माल हाव." तो खरोखर ओशाळला होता. "पन टेन्शन नका घेव. आतून एक लाल दांडा हाय, तो ढकला. दार आपोआप उघडतं."

लाल दांडा होता. कला विभागाने त्याच्यावर हिमालय उभा केला होता, आणि काम चोख असल्यामुळे तो चारही बाजूंनी ठोकला होता.

राहिला मार्ग गेट पासचा. वाटाणा बाहेर सोडायचा तर दर्जा तपासणाऱ्या जागृती मॅडमची मंजुरी लागते, आणि त्या घरी होत्या. कुंदनने त्यांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि झरोक्यातून तापमान मोजायची सुई आत दिली. मी ती बगलेत धरली.

"मॅडम, माल पस्तीस डिग्रीवर हाय."

"पस्तीस? अरे, मग तो गेला वाया. उणे अठराशिवाय पास नाही, माहीत आहे ना तुला?"

"मॅडम, माल बोलतोय."

"काय बोलतोय?"

"दार उघडा म्हनतोय."

"ते सिस्टीममध्ये कुठे टाकशील?" त्यांनी विचारलं.

आंब्यापासून वाटाण्यापर्यंत सगळे पर्याय कुंदनने पुन्हा एकदा वाचून काढले.

मॅडमनी दोन मार्ग सांगितले. माल बाद ठरवायचा, म्हणजे सोमवारी समिती बसेल आणि तो कुठे पुरायचा ते ठरवेल. किंवा तो उणे अठरावर आणायचा आणि आजच सोडायचा. कुंदनला आमची दया आली. त्याने थंडीचे पंखे पूर्ण सोडले.

"आता बिगीनं सुटाल काका," तो म्हणाला.

एवढ्यात केयूर हात पुसत आला. खिडकीतून त्याने आम्हाला पाहिलं. मी दारावर दोन्ही मुठी आपटत होतो, हौसेराव कड्याला टेकून लटलट कापत होते. त्याने कॅमेरा मागवून काचेला लावला.

"काका, कमाल. वाफ काय सुंदर येतेय. हौसेराव, थरथर तशीच ठेवा."

"केयूर, आम्ही मरतोय इथे."

"संवाद नको काका. तुम्ही ऑलरेडी मेलेले आहात."

हौसेरावांची थरथर थांबली. केयूर बाहेरून नाराज झाला. हौसेराव मात्र खाली बसले आणि शांतपणे म्हणाले, "पावणं, लई ग्वाड झोप याय लागलीय बघा. थंडी बी पळाली. आमच्या शकुबाईस्नी सांगा, मला कायसुदीक तरास न्हाय झाला."

कट्ट्यावरच्या माझ्या व्याख्यानात एक वाक्य चुकून खरं होतं: कापणं थांबून गोड झोप यायला लागली, की माणूस संपत आला. मी ते वाक्य हातवारे करून सांगितलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. आता ते माझ्यासमोर डोळे मिटत होतं. मी हौसेरावांच्या गालावर चापट्या मारल्या. त्यांना राग आला नाही, याचीच मला भीती वाटली.

अशा वेळी स्वाभिमानी माणूस काय करतो ते मला माहीत नाही. मी व्यंगलेखक आहे. मी झरोक्यापाशी गेलो आणि म्हणालो, "कुंदन, सुई परत आत दे. माल गोठला."

सुई मी पंख्याखाली साचलेल्या बर्फाच्या ढेपेत खुपसली.

"उने अठरा," कुंदन आनंदाने ओरडला. "दोनी नग, काका?"

"दोन्ही नग. एकदम कडक."

"बघ, नियमाने गेलं की होतं," फोनवर मॅडम म्हणाल्या.

दार उघडलं. कुंदनने आधी आमच्या छातीवर एकेक हिरवा स्टिकर चिकटवला, मग हौसेरावांना उचलून उन्हात नेलं, स्वतःची गोधडी गुंडाळली आणि त्यांचे तळपाय चोळत बसला. चहाच्या दुसऱ्या कपाला हौसेराव पुन्हा कापायला लागले. असं सुंदर कापणं मी आयुष्यात पाहिलेलं नाही. तिसऱ्या कपाला त्यांनी पिठल्याची चौकशी केली. ते संपलं होतं.

फाटकाशी मी गेट पासवर सही केली. वर छापलेलं होतं: वाटाणा, हिरवा, दोन नग, दर्जा उत्तम. चाळीस वर्षांच्या लेखनात 'दर्जा उत्तम' असं मला पहिल्यांदाच लेखी मिळालं.

"वाटाणा म्हणून सही केलीत?" चारुलताने घरी विचारलं.

"बाहेर यायचं होतं."

"मग आत जाताना हसलात कशाला?"

सिनेमा लागला तो आम्ही सीवूड्सच्या मॉलमध्ये पाहिला. दारावर मुठी आपटणारा मी पडद्यावर आलो. दाराच्या जागी आता बर्फाची भिंत होती. सगळं थिएटर हुंदके देत होतं. शेजारचे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "एवढा आकांत चाललाय, कुणाला कसं ऐकू जात नाही हो?" मीही पुसले. अभिनय खरंच चांगला झाला होता.

सिनेमा संपला. आमच्या रांगेला लागून एक दार होतं, सताड उघडं, आणि त्याच्यापलीकडे लिफ्ट. त्यावर पाटी होती: 'फक्त प्रवेश'. बाहेर जायचं दार वर, सगळ्या पायऱ्या चढून. चारुलताचा गुडघा महिनाभर सुजलेला आहे. ती त्या उघड्या दाराकडे वळली.

मी तिचा हात धरला. "अगं, ते आत यायचं आहे. बाहेर जायचं वर."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पायऱ्यांवर चढत निघालेल्या गर्दीकडे पाहिलं. "वाटाणे," ती म्हणाली, आणि एकटीच त्या दाराने निघून गेली.

मी पायऱ्यांवरच्या रांगेत राहिलो. माझ्या मागेच तुम्ही होतात. डोळे अजून ओले होते तुमचे, आणि 'आजी चुकीच्या दाराने गेल्या' असं तुम्हीच म्हणालात.