मंजुरीच्या खणातली मांजर

सरकारने एखाद्या कामासाठी पैसा राखून ठेवला, की तो पैसा पवित्र होतो. आणि पवित्र गोष्टीला कुणाचा हात लागू नये म्हणून माणसं नेमावी लागतात. एकोणीसशे ब्याऐंशी साली अशा नेमलेल्या माणसांत मी होते. अनुदान कचेरीत आवक-जावक कारकून. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, गेलेल्या कागदावर शिक्का मारायचा. (आलेलेच जास्त असत.)

आमच्याकडे चौदा योजना होत्या. त्यांतली माझी लाडकी म्हणजे 'सवेतन पशुसेवा प्रशिक्षण अनुदान योजना'. ज्याला जनावरांची देखभाल शिकायची आहे त्याने जनावरांच्या दवाखान्यात वर्षभर शिकावं आणि त्या वर्षाचा पगार सरकारने द्यावा, इतकी ती साधी होती. नऊ वर्षांत दोनशे सहा अर्ज आले. मंजूर किती झाले ते लिहायला एक शून्य पुरे. दरवर्षी निधी जसाच्या तसा परत जाई आणि वरून काटकसरीबद्दल प्रशस्तिपत्र येई. अशी नऊ प्रशस्तिपत्रं साहेबांच्या खोलीत ओळीने टांगलेली होती. दहाव्यासाठी खिळा मारून ठेवला होता.

दोनशे सातवा अर्ज माझ्या भाचीचा.

ती तेव्हा तेवीस वर्षांची, बुटांच्या दुकानात कामाला. दिवसभर गुडघे टेकून लोकांच्या पायांत बूट चढवायचे. "मावशी, दोन पायांच्या गिऱ्हाइकांचा कंटाळा आला गं," ती म्हणायची, "चार पायांची हवीत." तिच्या हाताला खरंच काहीतरी होतं. गल्लीतला चावरा कुत्रा तिच्यापुढे कान पाडून उभा राही. कोपऱ्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी ते पाहिलं होतं. ते म्हणाले, "ही शिकली तर माझा उजवा हात होईल. पण शिकताना पगार द्यायची माझी ऐपत नाही. मार्चअखेरपर्यंत जागा रिकामी ठेवतो. पुढे कुणीतरी घ्यावंच लागेल."

माझ्या बहिणीचं घर भाचीच्या पगारावर चालत होतं. तेव्हा फुकट शिकण्याचा प्रश्नच नव्हता. थोडक्यात, भाची आणि दवाखाना यांच्यामध्ये फक्त आमची कचेरी उभी होती.

नात्यातल्या माणसाला मदत करणं नियमात बसत नव्हतं. म्हणून मी तिला घरी 'बाळे' म्हणायचे आणि कचेरीत 'अर्जदार'. तिच्या अर्जावरचा शिक्का मात्र जरा ठळक मारला. (एवढा भ्रष्टाचार कबूल करते.)

आमच्या हेडक्लार्कना सगळे पाठीमागे 'पोटकलम' म्हणत. त्यांनी अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर सारला.

"अनुभवाचा दाखला?"

"अनुभव यावा म्हणूनच शिकायचंय ना, काका," भाची म्हणाली.

"काका घरी. इथे दाखला."

नियम असा होता की अर्जदाराला जनावरांचा दोन वर्षांचा अनुभव हवा, नाहीतर पहिल्याच चाव्याला तो पळून जायचा आणि सरकारचे पैसे बुडायचे. दुसरा नियम असा की जनावरांच्या कामातून त्याने कधी कमाई केलेली नसावी, कारण योजना नवख्यांसाठी होती. म्हणजे दोन वर्षं फुकट राबलेला नवखा हवा होता. दोन्ही अटी वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या विद्वानांनी घातल्या होत्या आणि आपापल्या जागी दोन्ही निर्दोष होत्या.

मग अभिप्रायांसाठी भाची फिरली. शिक्षण कचेरीने लिहून दिलं, 'जनावरं आमच्याकडे येत नाहीत.' (मी त्या कचेरीत गेलेली आहे. विधान धाडसाचं होतं.) कामगार कचेरी म्हणाली, 'शिकणारा माणूस कामगार नव्हे.' पशू कचेरी म्हणाली, 'माणसं आमच्या कक्षेत नाहीत.' हे सगळं फाईलला जोडलं गेलं. फेब्रुवारी संपेपर्यंत फाईल इतकी भरली की टेबलावर आधाराशिवाय उभी राहायची. भाचीचंच तेवढं उभं राहायचं राहिलं होतं.

दुपारच्या सुट्टीत ती दुकानातून धावत यायची आणि आमच्या बाकावर डबा उघडून बसायची. शेजारी पोच बसायची. पोच ही कचेरीची मांजर. उंदीर फायली खात म्हणून दोन वर्षांपूर्वी तिला ठेवून घेतलं होतं आणि रजिस्टरात तिची नोंद 'अभिलेख संरक्षण, एक नग' अशी होती. एक दिवस भाचीने तिचं पोट चाचपलं.

"मावशी, ही तीन आठवड्यांत व्याणार. एखादं खोकं ठेवा आडोशाला."

"खोक्याची मागणी तिमाहीच्या सुरुवातीला करायची असते," पोटकलम टेबलावरूनच म्हणाले. "तिला एप्रिलपर्यंत थांबायला सांगा."

पोच थांबली नाही. सव्वीस मार्चला तिने जागा स्वतः शोधली. कचेरीतला सर्वांत निवांत, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेला कोपरा तिने अचूक हेरला: पोटकलमांच्या टेबलाचा, 'मंजुरीसाठी' अशी चिठ्ठी लावलेला खण.

चार पिल्लं झाली. पाचवं अडकलं. पोच ओरडू लागली आणि पोटकलम पांढरेफटक पडले. "अर्जदार कुठाय? अहो, अर्जदाराला बोलवा कुणीतरी!" आमचा शिपाई बुटांच्या दुकानाकडे धावला. भाची आली ती हातात बूट चढवायची पट्टी तशीच घेऊन. तिने बाह्या सरसावल्या, पोचशी हळू बोलत राहिली आणि पिल्लू बाहेर काढलं. ते गार होतं. तिने पोटकलमांचा रुमाल मागितला आणि त्यात ते चोळत बसली. पाच मिनिटांनी पिल्लू चिरकलं. पोटकलमांनी समोर होती त्या फाईलच्या समासात लिहिलं, 'वेळ १२.४०. जिवंत.' ती फाईल भाचीची होती. तीन महिन्यांत तिच्यावर पडलेला तो पहिला अनुकूल शेरा.

आता खरी अडचण उभी राहिली. रजिस्टरात नग एक आणि खणात सहा. हाकलावेत तर सरकारी मालमत्ता; ठेवावेत तर देखभालीची तरतूद नाही. साहेबांनी बैठक बोलावली. पोटकलमांनी योजनेची नियमावली अंगठ्याला थुंकी लावून उलटली आणि एका पानावर थांबले.

"साहेब, दोन वर्षं जनावराच्या नित्य संपर्कात कोण आहे? आपण. त्यातून एक पैसा कमावलाय? नाही."

नऊ वर्षांत दोन्ही अटी एकदम पुऱ्या करणारी माणसं प्रथमच सापडली होती आणि ती आम्हीच होतो. साहेब, पोटकलम, शिपाई आणि मी, असे चार अर्ज झाले. पस्तीस मिनिटांत मंजूर झाले. (त्यांतली वीस मिनिटं पोचला उचलून खणातला मंजुरीचा शिक्का काढण्यात गेली.) साहेबांनी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली.

राहिला प्रशिक्षक. नियमावलीत एवढंच होतं: 'प्रशिक्षक, एक, सवेतन.' पात्रतेची अट लिहायची राहून गेली होती.

"अहो, पण मला शिकायचंय! शिकवायचं नाहीये!" भाची म्हणाली.

"शिकायला तू अपात्र आहेस, बाळ," पोटकलम म्हणाले. तिला पहिल्यांदाच बाळ म्हणाले. "शिकवायला नाहीस."

एकतीस मार्चला आम्ही पाच जण दवाखान्याच्या दारात उभे होतो. डॉक्टरांनी आम्हाला मोजलं. "मला एक उजवा हात हवा होता," ते म्हणाले, "इथे पाच आलेत." पण जागा त्यांनी भाचीलाच दिली. सकाळी नऊला ती डॉक्टरांकडून शिकायची आणि अकराला तेच आम्हाला शिकवायची. शिस्त कडक होती. "साहेब, शेपटी सोडा आधी," हे वाक्य मी त्या वर्षी जितक्या आनंदाने ऐकलं तितक्या आनंदाने दुसरं काही ऐकलेलं नाही.

पुढे साहेबांना बढती मिळाली. दहावं प्रशस्तिपत्र काही आलं नाही. त्या खिळ्यावर ते शेवटपर्यंत छत्री अडकवत. शिपायाने पाच पिल्लं पाच कचेऱ्यांत पोचवली, प्रत्येकी एक नग. पोच चौदा वर्षं जगली आणि तो खण पुन्हा कुणाला मिळाला नाही. पोटकलम निवृत्त झाल्यावर त्याच दवाखान्यात कुत्र्यांना आंघोळ घालायला लागले. कुत्री त्यांचं ऐकत. ते आंघोळ घालताना नियम वाचून दाखवत आणि कुत्र्यांना झोप येई. डॉक्टर गेले तेव्हा दवाखान्याच्या किल्ल्या भाचीकडे होत्या. तीस वर्षांत तिने तीनशेच्या वर माणसं तयार केली. त्या सगळ्यांकडे प्रमाणपत्र आहे, माझ्याकडेसुद्धा आहे. तिच्याकडे नाही. ते फक्त शिकणाऱ्याला मिळतं. ती अजून दरवर्षी अर्ज करते, आता गंमत म्हणून. यंदाचं उत्तर परवाच आलं: 'अनुभवाचा दाखला जोडलेला नाही.'

हे ऐकून सगळे हसतात. तुम्हीही हसला असाल. मग ती मुलगी आठवते का पाहा, तुमच्या कुत्र्याला सांभाळायला माणूस हवं होतं तेव्हा दारात आलेली. कुत्रा तिचा हात चाटत होता आणि तुम्ही विचारलंत, "याआधी कुठे काम केलंयस?" ती म्हणाली, "अजून नाही." तुम्ही म्हणालात, "बरं, कळवतो."

कळवायचं राहिलंच असेल. आता कळवणार असाल तर तो कागद माझ्याकडे पाठवा. शिक्का मी जपून ठेवलाय.