दुप्पट जंगल

"एकाच झाडाला दोघांनी दोन नंबर घालायचे, आणि शर्ट मात्र मी घासायचे," बाईंचे यजमान मोरीतून पुटपुटले. पुटपुटणं अगदी बेतशीर होतं. स्वयंपाकघरात चहा गाळणाऱ्या बाईंना स्पष्ट ऐकू यावं, पण भांडण काढलं असं कुणाला म्हणता येऊ नये.

"तुम्हीच म्हणालात ना, राहू दे, मी धुतो?"

"म्हणालो. शिंप्याला कापडाची दया येते."

बाई वनपाल होत्या. डोंगराच्या माथ्यावरून दोन देशांची हद्द जायची आणि माथ्याच्या दोन्ही अंगांना पसरलेलं जंगल कागदोपत्री सामाईक होतं. यंदा दोन्ही राजधान्यांत करार झाला की ते सबंध जंगल दोघांनीही मोजायचं, पण वेगवेगळं, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याला सापडेल. बाईंनी झाडांवर रंगाने पांढरे आकडे घालायचे आणि पलीकडच्या वनपालांनी पिवळे. त्यामुळे चार महिने बाईंचा एकही शर्ट धड राहिला नव्हता.

पलीकडचे वनपाल म्हणजे दादा. देश वेगळे असले तरी दोन्ही उतारांवरची बोली एकच होती. अकरा वर्षं दर गुरुवारी दोघं माथ्यावरच्या जुन्या अक्रोडाखाली डबा खायचे आणि आपापल्या साहेबांना नावं ठेवायचे. मोजणी संपली तेव्हा बाईंची झाडं भरली अकरा हजार चारशे बारा आणि दादांची चार जास्त.

"एका बुंध्यातून दोन फुटलीत ती तुम्ही एक धरलीत का?" दादांनी विचारलं.

"बुंधा एक, झाड एक."

"ताई, जुळी पोरं झाली तर दोघांना मिळून एकच नाव ठेवाल?"

बाईंनी आपल्या वहीत चार झाडं वाढवली. शेवटी दोघांनी अकरा हजार चारशे सोळा असा सारखाच आकडा आपापल्या राजधानीला धाडला आणि इतक्या चोख कामाबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली.

महिन्याने बाईंचे साहेब पत्र फडकावत आले. संयुक्त अहवालात कुणीतरी दोन्ही देशांचे आकडे एकाखाली एक मांडले होते आणि खाली रेघ ओढून लिहिलं होतं, 'एकूण झाडे: बावीस हजार आठशे बत्तीस.' एका वर्षात जंगल दुप्पट! सहकार्याचा विजय! बाईंना पदक, आणि साहेबांच्या बढतीची शिफारस.

"साहेब, ही बेरीज..."

"बरोबर आहे. मी स्वतः करून पाहिली."

"बेरीज बरोबरच आहे हो. पण ती मुळात..."

"बाई, सगळ्यांना चहा सांगा," साहेब घाईघाईने म्हणाले आणि त्यांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली. माणूस वाईट नव्हता. एकोणीस वर्षं याच खुर्चीत बढतीची वाट पाहून खुर्चीलाच त्यांचा आकार आला होता. खिडकीतून जंगल दिसत होतं. ते वाढल्यासारखं वाटत नव्हतं.

बाईंनी पलीकडे फोन लावला.

"दादा, ऐकलंत का?"

"ऐकलं म्हणजे काय, ऑफिसात माझा फोटो लावलाय. त्याला हार घातला नाही एवढंच."

"मग वर कळवा की खरं काय ते."

"कळवतो ना. आधी तुम्ही कळवा."

"छे, तुम्ही वडील. आधी तुम्ही."

अरुंद दारात समोरासमोर आलेल्या दोन सभ्य माणसांसारखे ते पाच मिनिटं एकमेकांना वाट देत राहिले. मग फोन ठेवला.

रात्रीची भांडी आवरताना बाईंनी यजमानांना सगळं सांगितलं. त्यांनी कात्री खाली ठेवली. "मी प्रत्येक कापड दोनदा मोजतो. म्हणून गिऱ्हाइकाचे दोन शर्ट होतात का?"

"हळू बोला."

"घरातच बोलतोय."

"घरातसुद्धा हळू बोला."

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पदक पेटीत पडून राहिलं असतं, साहेब बढती घेऊन गेले असते, आणि जंगलाला आपल्याबद्दल काय छापून येतं याची फिकीर कधीच नव्हती. पण मग दुसरं पत्र आलं. सात डोंगरी देशांची परिषद थेट माथ्यावर भरणार होती आणि तिथे 'शाश्वत विकास आराखड्या'वर सह्या व्हायच्या होत्या. जंगल दुप्पट झालंय, तर जास्तीचं निम्मं तोडायला हरकत नाही. त्या लाकडातून एक प्रशस्त विश्रामगृह बांधावं, म्हणजे दरवर्षी जंगल वाचवण्याच्या परिषदेला जागा होईल. तोडणीत गोंधळ नको म्हणून नियमही सोपा केला होता: पिवळ्या आकड्यांची सगळी झाडं राखावीत, पांढऱ्या आकड्यांची तोडावीत.

गुरुवारी दोघांनी डबे उघडलेच नाहीत. दादांनी अक्रोडावरच्या पांढऱ्या सातशे बारावर बोट ठेवलं. "हे तोडायचं." मग बुंध्याला वळसा घालून पिवळ्या तीनवर ठेवलं. "आणि हे राखायचं."

"माझ्या पोटात गोळा आलाय, दादा."

"माझ्या तर दोन. मोजणीच तशी झालीय."

परिषदेच्या दिवशी माथ्यावर तंबू, सात झेंडे आणि प्रत्येक पाहुण्याच्या कानाला भाषांतर ऐकायचं यंत्र. मधोमध अध्यक्ष बसले होते, उंच लोकरी टोपीवाले, दूरच्या देशाचे. गेल्या वर्षी त्यांच्याकडचं जंगल दुप्पट झालं होतं, म्हणून यंदा अध्यक्षपद त्यांना.

"एवढ्या यशाचं रहस्य काय?" एका पाहुण्याने विचारलं.

"सहकार्य," साहेब म्हणाले. टाळ्या झाल्या.

मग अध्यक्ष उठले, अक्रोडाभोवती सावकाश फिरले आणि दोन्ही आकड्यांपाशी थांबले. "हे दोन नंबर कसले?" त्यांचा प्रश्न दुभाष्याने विचारला.

साहेब म्हणाले, "मैत्रीचं प्रतीक." दादा म्हणाले, "एक पुढून दिसावा, एक मागून." पुन्हा टाळ्या. अध्यक्ष मात्र टाळी न वाजवता किंचित हसले, आपल्याच गावचं माणूस परक्या बाजारात भेटावं तसे.

आराखडा टेबलावर आला. पहिल्या पानावर मजकूर होता, 'वरील आकडा प्रत्यक्ष उभ्या झाडांचा आहे', आणि त्याखाली सह्या मोजणी करणाऱ्यांच्या.

"आधी तुम्ही, ताई," दादांनी पेन पुढे केलं.

"आधी तुम्ही, दादा." बाईंनी ते मागे सारलं.

पेन तीनदा गेलं, तीनदा आलं. पाहुण्यांना तो इथला काही रिवाज वाटला आणि त्यांनी कौतुकाने फोटो काढले.

"बाई, सही," साहेब ओठ न हलवता म्हणाले.

बाईंनी पेन घेतलं. अंगठ्याच्या नखात पांढरा रंग अजून अडकलेला होता, यजमानांच्या घासणीलाही न जुमानलेला. तंबूच्या उघड्या बाजूने अक्रोड दिसत होता. त्याच्या सावलीचा एक तुकडा टेबलावर, नेमका सहीच्या जागेवर पडला होता.

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि उभ्या राहिल्या.

"झाड एकच आहे," त्या म्हणाल्या. "दोघांनी मोजलं, तरी एकच."

दुभाषी गोंधळला. त्याने साहेबांकडे पाहिलं. "हे... हे सांगायचं का?"

साहेबांनी खुर्ची फिरवायला खिडकी शोधली, पण तंबूला खिडकी नव्हती. त्यांनी एक लांब सुस्कारा सोडला. एकोणीस वर्षांची वाट त्यात निघून गेली असावी, कारण नंतर त्यांचे खांदे बरेच हलके दिसले.

"सांगा," ते म्हणाले. "एकच आहे."

"एकच," दादा जोरात म्हणाले. "आणि चारशे सोळा, बारा नव्हे!"

दुभाष्याने सांगितलं. वाक्य एकेका कानात पोचत गेलं आणि तंबूभर कागद वाजायचे थांबले. दोन पाहुण्यांनी आपापले अहवाल हळूच मांडीखाली सरकवले.

अध्यक्षांनी डोक्यावरची टोपी काढली, आराखड्यावर अलगद ठेवली आणि खूप दिवसांनी बूट काढल्यासारखे मोकळे होऊन दुभाष्याकडे झुकले.

दुभाष्याने ऐकलं आणि बाईंकडे वळून म्हणाला,

"ते म्हणतात, आमच्याकडचंही एकच आहे."